फ्रायर बेल्डनला पोहोचला

आमच्या सेंट हेडविग चर्चच्या स्वयंपाकघरातला मासे तळायचा फ्रायर जानेवारीत मेला, आणि तो मेला ही माझी चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण असं म्हणता येईल अशी दुसरी कुठलीही गोष्ट यापुढे येणार नाही.

फ्रायर म्हणजे घरातलं कढईएवढं खेळणं नव्हे. कपाटाएवढं पोलादी धूड, पोटात तेलाचे तीन हौद. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये तळलेला मासा मिळतो. विस्कॉन्सिनमध्ये हा धर्माचा भाग आहे की जेवणाचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कॅथलिक येतात, लुथरन येतात, देव न मानणारे येतात. ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे तेसुद्धा येतात आणि एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून कोबीचं कोलस्लॉ खातात. या शुक्रवारांच्या कमाईवर चर्चच्या शाळेतले वर्ग हिवाळाभर उबदार राहतात. म्हणजे फ्रायर नाही तर मासा नाही, आणि मासा नाही तर पहिलीची मुलं कोट घालून बेरीज करणार, असा सरळ हिशेब होता.

या सगळ्यावर राज्य बर्नाडेट कुबियाक यांचं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्या स्वयंपाकघरात शिरताना आमचे फादर थॅडियससुद्धा दारावर टकटक करतात. इंडियानात एक जुनं हॉटेल बंद पडत होतं. तिथला जवळपास नवा फ्रायर बाईंनी हेरला, घासाघीस केली आणि घेऊनही टाकला. राहिलं ते फक्त आणणं. एक वाहतूकवाला सगळं करायला तयार होता. बांधणार, चढवणार, आणणार, उतरवणार, जागेवर बसवून देणार. त्याने सांगितलेला आकडा चर्चच्या बैठकीत वाचून दाखवल्यावर सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत मी तोंड उघडलं.

"एवढे पैसे कशाला? एक ट्रक तर ठरवायचा. मी बघतो."

बर्नाडेटबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, याआधी कधी असला माल पाठवलायत?"

"बाई, मी भूगोल शिकवतो," मी म्हणालो.

हे उत्तर मी का दिलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण दिलं खरं, आणि कुणी पुढे काही विचारलंही नाही. आमच्या गावात शिक्षकाला अजून मान आहे. तेव्हा होता.

घरी आल्यावर मार्लिस, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लिओ, डेलला विचार. तो देशभर चीज पाठवतो. त्याला यातलं सगळं कळतं."

डेल तिचा भाऊ. डेलला एक प्रश्न विचारायचा म्हणजे त्याचं उत्तर पुढची कित्येक वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर ऐकायचं. म्हणून मी शेजारच्या ऑर्व्हिलला बोलावलं. ऑर्व्हिलने आयुष्यात कधी कुठे काही पाठवलेलं नाही, पण त्याचं मत मात्र नेहमी तयार असतं आणि सोबत बिअरही तोच आणतो.

आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. मालवाहतूक कंपनीच्या पानावर प्रश्नच प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे एक रिकामा चौकोन.

"एकाही चौकोनावर खूण करू नकोस," ऑर्व्हिल म्हणाला. "चौकोन म्हणजे पैसा. खूण केलीस की गेला."

"माल उतरवायला मागे लिफ्ट असलेला ट्रक हवा का, असं विचारतायत."

"कशाला? चर्चमध्ये माणसांना काय तोटा?"

"उतरवायच्या जागी ट्रकच्या उंचीचा धक्का आहे का?"

"हॉलच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत ना? झाला धक्का. हो म्हण."

"लाकडी फळ्यांवर बांधून ठेवलाय का?"

"बांधतील ते. हॉटेलवाले आहेत, त्यांना बांधून द्यायची सवय असते."

"वजन?"

इथे मात्र आम्ही दोघे अडलो. फ्रायर इंडियानात, आम्ही विस्कॉन्सिनात. हॉटेलवाल्याला फोन करून विचारता आलं असतं, हे आज मलाही कळतं. ऑर्व्हिलने डोळे मिटले, दोन्ही हात पुढे करून हवेतच काहीतरी उचललं आणि म्हणाला, "माझा डीप फ्रीझर. अर्ध्या हरणासकट."

"हरिण कशाला मध्ये?"

"रिकामा मी तो कधी उचललेला नाही."

मी अर्ध्या हरणासकट वजन लिहिलं. शेवटी पत्ता राहिला. सेंट हेडविग चर्च, चर्च स्ट्रीट, बेल्डन. राज्यांची लांबलचक यादी उघडली, ती थेट तळापर्यंत सरकवली आणि बोट टेकवलं. त्याबरोबर पिनकोड आपोआप उमटला.

"बघ," मी ऑर्व्हिलला म्हणालो, "आपलं गाव यंत्रालासुद्धा ठाऊक आहे."

पहिला फोन आला तो ट्रक हॉटेलच्या दारातून रिकामाच परतल्याचा. फ्रायर नुसताच फरशीवर उभा होता. फळ्यांवर बांधलेला नसेल तर ड्रायव्हर त्याला हात लावत नाही, आणि परत गेलेल्या फेरीचेही पैसे लागतात. मी हॉटेलवाल्याची मनधरणी करून फ्रायर बांधून घेतला. दुसरा फोन आला कंपनीच्या तळावरून. तिथे माल काट्यावर चढवतात. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. माझ्या आकड्याला तिने "तुमचा अंदाज" असं म्हटलं. फ्रायरच्या खऱ्या वजनात ऑर्व्हिलचा फ्रीझर, अख्खं हरिण, ऑर्व्हिल आणि त्याचे दोन्ही भाऊ आरामात बसले असते. भाडं त्याप्रमाणे बदललं, वर चुकीचं वजन लिहिल्याचा दंडही आला. गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर मासेमारी करायला नवी झोपडी घ्यावी म्हणून मी काही पैसे बाजूला ठेवले होते. त्यातूनच मी हे कुणाला न सांगता भरून टाकलं. वाहतूकवाल्याच्या आकड्याच्या आपण अजून खाली आहोत, असं मी स्वतःला बजावलं. तेही फार दिवस बजावता आलं नाही.

पण फ्रायर निघाला होता, आणि इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी शाळेतून अमेरिकेचा मोठा नकाशा आणून हॉलच्या भिंतीवर लावला आणि लाल टाचणी घेऊन उभा राहिलो. ट्रक कुठे पोहोचला ते कंपनी फोनवर कळवत असे, आणि मी टाचणी पुढे सरकवत असे. कॉफी प्यायला आलेली मंडळी कौतुकाने बघायची.

पहिली टाचणी इंडियानात. दुसरी आयोवात.

"आयोवा?" बर्नाडेटबाई म्हणाल्या. "आपण वर आहोत. हा डावीकडे कुठे चाललाय?"

"बाई, मालाचा ट्रक कावळ्यासारखा सरळ जात नाही," मी म्हणालो. "आधी मोठ्या तळावर जायचं, मग तिथून फाटे फुटतात. त्याला एक शास्त्र आहे."

तिसरी टाचणी नेब्रास्कात लागली. त्या दिवशी मी मिशिगन सरोवरावरून येणारे वारे, इलिनॉयमधलं बर्फ आणि रस्ते बंद पडल्यावर मोठ्या गाड्यांनी घ्यायचे वळसे यांवर बराच वेळ बोललो. मंडळी माना डोलावत होती. बोलता बोलता ते मला स्वतःलाही पटलं. नकाशासमोर उभं राहून, हातात टाचणी धरून, माझी वस्तू घरापासून दूर चाललेली मी रोज बघत होतो आणि लोकांना ती जवळ येतेय असं शिकवत होतो.

राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, सकाळची प्रार्थना झाल्यावर कपाळावर राखेचा क्रूस लावलेली गावातली धट्टीकट्टी माणसं हॉलच्या मागच्या दाराशी जमली. ऑर्व्हिलने दोर आणले होते. फ्रायर आज येणार, असं मी जाहीर केलेलं होतं. थंडी मी म्हणत होती. माझा फोन वाजला. मी तो जरा बाजूला जाऊन पाहिला. कंपनी कळवत होती की माल बेल्डन येथे पोहोचता झाला. घेणार: एम. एचेव्हेरी.

मी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे दोर होते, ऑर्व्हिल होता, फ्रायर नव्हता. आणि आमच्या गावात एचेव्हेरी नावाचं कुणी नाही. मग मी पत्ता पहिल्यांदाच शेवटच्या अक्षरापर्यंत नीट वाचला. राज्यांच्या यादीत विस्कॉन्सिनच्या खाली एकच राज्य आहे, वायोमिंग. माझं बोट तिथे टेकलं होतं. वायोमिंगातही एक बेल्डन आहे, त्यात एक चर्च स्ट्रीट आहे आणि त्या रस्त्यावर एक चर्चही आहे. हे मला माहीत नव्हतं. मी भूगोल शिकवतो.

"काय म्हणतायत?" बर्नाडेटबाईंनी विचारलं.

"उशीर होतोय," मी म्हणालो.

माणसं दोर गुंडाळून घरी गेली. मी गाडीत बसलो, काचा वर केल्या, वायोमिंगातल्या त्या चर्चचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडे एका बाईंनी उचलला.

"मेटे एचेव्हेरी बोलतेय. तुम्ही फ्रायरवाले का? बरं झालं फोन आला. ट्रकला मागे लिफ्टच नव्हती हो. आमच्या जावयाने मेंढ्यांच्या फार्मवरून गवताचे गठ्ठे उचलायची गाडी आणली, तेव्हा कुठे तो खाली आला. पण एक सांगा, लेबलावर सेंट हेडविग लिहिलंय. आमचं तर सेंट इग्नेशियस. चुकून आला का हा इकडे?"

यापेक्षा सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारला नसेल. "हो" एवढंच म्हणायचं होतं. पण "हो" म्हटलं की पुढे "कसा?" येणार, आणि त्याचं उत्तर मला एका परक्या बाईंना द्यावं लागणार. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले ते असे:

"छे, चूक कसली? भेट आहे ती. एका बेल्डनकडून दुसऱ्या बेल्डनला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अख्खा फ्रायर?" बाई म्हणाल्या.

"लेंटनिमित्त," मी म्हणालो.

"आमचा गेल्या वर्षी जळाला. लोक चीज सँडविच खाऊन उपवास करतायत. तुमचं नाव काय म्हणालात?"

"नाव कशाला? मी एक साधा भूगोलाचा मास्तर आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. खोटं बोलताना माझ्या आवाजात जो विनय आला होता, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

शुक्रवारी फ्रायर नव्हताच. मी आणि ऑर्व्हिलने गावातून अंगणात टर्की तळायची भांडी गोळा केली आणि पार्किंगमध्ये बर्फात शेगड्या मांडल्या. तेल तापायचं नाव घेईना. तापलं की वारा सुटायचा आणि पुन्हा निवायचं. मासा तळला जात नव्हता, तेलात बसून राहत होता. आत रांग दारापर्यंत लागलेली. फिकट, तेलकट तुकडे लोकांनी ताटात घेतले आणि कुणीही तक्रार केली नाही. आमच्याकडे कुणी तक्रार करत नाही. "निराळंच लागतंय," एवढंच म्हणतात, आणि ते फार वाईट असतं. बरेच जण मासा तसाच ठेवून बटाट्याचे पॅनकेक खाऊन गेले.

"तुमचं ते वारं अजून सुटलंय का, मास्तर?" बर्नाडेटबाईंनी नकाशाकडे बघत विचारलं.

"निवळेल आता," मी म्हणालो आणि टाचणी नेब्रास्कातच राहू दिली.

रविवारी प्रार्थना संपताना फादर थॅडियस सूचना वाचायला उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी नाताळातही पाहिला नव्हता.

"काल मला वायोमिंगहून एका बाईंचा फोन आला," ते म्हणाले. "तिथेही एक बेल्डन आहे. त्यांच्याकडे फ्रायर नव्हता. आपल्यापैकी कुणीतरी, आपला स्वतःचा फ्रायर वाटेत अडकलेला असताना, त्यांना एक फ्रायर भेट पाठवला. नावसुद्धा सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की मी एक साधा भूगोलाचा मास्तर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चर्चमध्ये टाळ्या आम्ही सहसा वाजवत नाही, पण त्या दिवशी वाजवल्या. माना माझ्याकडे वळल्या. ऑर्व्हिलने माझी पाठ थोपटली, कारण त्यालाही अजून समजलं नव्हतं. टाळ्या न वाजवणारी एकच व्यक्ती होती. पुढच्या बाकावर बर्नाडेटबाई सावकाश मागे वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारी मार्लिसने डोळे मिटून घेतले.

मी उभा राहिलो. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्या दिवशी तो माझ्या टायपर्यंतही गेला नाही.

"मोठ्याने," बर्नाडेटबाई म्हणाल्या.

"तो आपलाच फ्रायर आहे," मी म्हणालो. "मी चुकून वायोमिंगला पाठवला. आणि त्यांनी विचारलं तेव्हा भेट आहे म्हणून सांगितलं."

टाळ्या एकदम थांबत नाहीत. मागच्या बाजूला एक म्हातारा बहिरा गृहस्थ नंतरही बराच वेळ वाजवत होता.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं की बाई बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फादरनी विचारलं, परत मागवायचा का?

"नाही," बाई म्हणाल्या. "सेंट हेडविगच्या नावाने दिलाय ना? दिलेलं आपण परत मागत नाही. मास्तर, शुक्रवारी शेगड्या दुपारीच पेटवा, म्हणजे तेल तापेल."

त्यानंतरचे शुक्रवार मी पार्किंगमध्ये काढले. वाऱ्याच्या बाजूला ऑर्व्हिल प्लायवूडचा तक्ता धरून उभा राहायचा. शाळेतली मुलं आईबापांबरोबर यायची आणि अदबीने "नमस्कार सर" म्हणून जायची. ती थोडी पुढे गेली की बापाचे खांदे हलताना दिसायचे. मासा दर आठवड्याला जरा बरा होत होता, रांग मात्र आखूड होत होती. शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर एकदा ताट घेऊन माझ्याजवळ आल्या आणि वर्गांतलं हीटिंग थोडं कमी केलंय, असं सहज सांगून गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

"लिओ," सकाळी मार्लिस म्हणाली, "त्या बाईंना फोन कर. परत मागू नकोस. नुसतं खरं सांग."

"काय फरक पडणार आहे?"

"तुला जेवण जाईल."

मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून नंबर लावला. एचेव्हेरीबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. मी सगळं सांगितलं. यादी, बोट, वायोमिंग, टाचण्या, अर्ध्या हरणासकट सगळं. संपल्यावर त्या म्हणाल्या:

"मला माहीत होतं."

"फादरनी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत. पहिल्याच दिवशी. अहो, मला पाच मुलं आहेत. खोटं बोलणारा माणूस कसा बोलतो ते मी ती बोलायला लागल्यापासून ऐकतेय. म्हटलं, दोन दिवसांत करेल फोन. मग वाट बघून तुमच्या फादरना आभाराचा फोन केला, म्हटलं आता तरी तुमच्यापर्यंत पोहोचेल."

"पोहोचलं," मी म्हणालो.

"तरी तुम्ही केला नाहीत. म्हणून मीही हट्टाला पेटले. पण त्या फ्रायरमध्ये आम्ही एक थेंब तेल ओतलेलं नाही. दुसऱ्याच्या चुकीत मासा कसा तळायचा? आमचे लोक अजून चीज सँडविचच खातायत."

मी खुर्चीवर बसलो. विस्कॉन्सिनात थंड तेल, वायोमिंगात सँडविच, आणि मधे एक कोरडा फ्रायर भिंतीला लागून उभा. दोन गावांचा उपवास मी एकट्याने कडक करून ठेवला होता.

"बाई," मी म्हणालो, "मी आजच ट्रक ठरवतो. या वेळी सगळं नीट..."

"नको," एचेव्हेरीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बर्फाळ रस्त्यावर कुणी गाडीच्या किल्ल्या मागाव्यात आणि आपण न द्याव्यात, तसा होता. "घरात बायको आहे का? तिला द्या फोन."

मी मार्लिसला फोन दिला आणि बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो. दार उघडंच होतं.

"हो, मार्लिस," ती म्हणत होती. "वजन? मेंढ्यांच्या काट्यावर केलंत? उत्तम. फळ्यांना पट्टे मारलेत ना? चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. हो, लिफ्टवाला ट्रकच. नाही, धक्का नाही, तीन पायऱ्या आहेत. भाड्याचं आमच्याकडे. त्याची बर्फावरची झोपडी यंदा राहिली. आणि आमच्यासाठी माझा भाऊ डेल बघतच होता, तो आता तुमच्याकरता बघेल; तिकडच्याच बाजूला एक जुना फ्रायर विकायचाय म्हणे. हो, आपला ट्रक इथे आला की सही करायच्या आधी उघडून बघणार. मी स्वतः."

मग पत्त्याची पाळी आली. पलीकडे एचेव्हेरीबाई तो लिहून घेत असाव्यात.

"बेल्डन," मार्लिस सावकाश म्हणाली. "विस्कॉन्सिन. डब्ल्यू, आय. वाय नव्हे, आय. हो, मी धरून आहे, तुम्ही परत वाचून दाखवा." आणि मग आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल इतपतच खाली आणून, ती म्हणाली, "नाही हो, या वेळी त्याचं बोट कुठे टेकणार नाही. तो दुसऱ्या खोलीत आहे."